ठाकुर्लीचे गाणे कोण जपणार?

कल्याण आणि डोंबिवली यांच्या मधले ठाकुर्ली हे लहानसे स्थानक. इतिहासात त्याचे नाव आलेच, तर ते तेथील वीजगृहामुळे येते. १९२९ च्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेने विजेवरच्या गाड्यांसाठी चोळे गावाच्या परिसरात ते उभारले आणि रेल्वे-कामगारांची वस्ती तेथे रुजली. त्या यंत्रांची नोंद सरकारी दप्तरात सापडेल. परंतु चोळ्याच्या लग्नमांडवात कोणते धवले गायिले जात, कामगारांच्या चाळींतून कोणती भजने उठत, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. या पट्ट्यातील आगरी समाजाचे नावच मिठागराशी, म्हणजे आगराशी, जोडलेले आहे. त्यांच्या लग्नात विधीमागून विधी धवल्याच्या सुरांवर चालतो, आणि तो गाणारी धवलारीण ही एक वयोवृद्ध स्त्री असते. ज्या काळी पौरोहित्यावर स्त्रीचा अधिकार कोणी मानीत नव्हते, त्या काळी या समाजाने लग्न लावण्याचा मान तिच्या कंठाला दिला होता. समाजशास्त्राच्या ग्रंथाला भूषण व्हावी अशी ही गोष्ट. पण तिचा पुरावा आज मोजक्या वृद्धांच्या स्मरणात उरला आहे.

कामाधंद्यासाठी येथे आलेल्या माणसांनी आपापली गाणी बरोबर आणली. सकाळच्या लोकलच्या डब्यात टाळ वाजवीत मुंबई गाठणारी भजनी मंडळे याच मार्गावर नांदली. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांनी अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत डॉ. आंबेडकरांचा विचार पोहोचविला. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते निघाली, आणि कॅसेटच्या युगात ती चाळीचाळींत घुमली. पण प्रल्हाद शिंद्यांचे नाव राहिले, म्हणून सर्वांचेच राहिले असे नाही. वस्तीतल्या मंडळासाठी गीत रचणारा, ढोलकीवर साथ करणारा, कोरसमध्ये उभा राहणारा, यांची नावे कोण सांगेल?

काही सुशिक्षित म्हणतील, जे उत्तम असेल ते काळाच्या चाळणीतून आपोआप तरेल. आम्हांला हे मान्य नाही. ही चाळणी काळाच्या हाती कधीच नव्हती. ज्यांच्यापाशी छापखाना, सभागृह आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते, त्यांच्या हाती ती होती. शास्त्रीय संगीताला गायनसमाज लाभले, नाट्यसंगीताला ग्रंथ लाभले, हे योग्यच झाले. मात्र ज्या गाण्यांना यांतील काहीच लाभले नाही, ती कमअस्सल होती असा निष्कर्ष त्यावरून काढणे हा अन्याय आहे.

आणि हे काम अशक्यही नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाचे मोल केवळ संख्येत नाही. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही लिहून ठेवले गेले. निनावी लोकगीताला धनीण मिळाली, हा त्यातला खरा न्याय होय.

तेवढेच येथे व्हावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. २०१७ साली डोंबिवलीत भरलेल्या नव्वदाव्या साहित्य संमेलनाचे यजमानपद आगरी युथ फोरमने समर्थपणे पेलले. संस्था आहेत, माणसे आहेत. महापालिकेने एक खोली, ध्वनिमुद्रणाची सामग्री आणि दोन जाणते कार्यकर्ते द्यावेत. धवलारणींचे गाणे त्यांच्याच घरी जाऊन मुद्रित करावे. माळ्यावर पडलेल्या कॅसेटी मागवून त्यांच्या प्रती कराव्यात. प्रत्येक गीतापुढे गायक, कवी आणि वादक यांची नावे लिहावीत. त्या गाण्यांवर पुढेमागे कोणी पैसा मिळविला, तर त्यातील वाटा त्या कुटुंबांना मिळेल, असा नियमही आरंभीच करावा.

कोकणच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी लागते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. माणसांचे आयुष्य तर फितीहूनही बेभरवशाचे. इमारत पडली तर तिचे छायाचित्र तरी मागे राहते. पण गाणारी गेली आणि चाल कोणी उचललेली नसली, तर मागे काहीच उरत नाही. अंदाजपत्रकात या कामासाठी एक ओळ घालण्याचे धैर्य आमचे नगरपिते याच वर्षी दाखवतील काय?