स्वस्त बल्बची महाग वीज

६० वॉटचा पिवळा बल्ब दुकानात पंधरा-वीस रुपयांना मिळतो. ९ वॉटच्या बऱ्या एलईडी दिव्यासाठी ऐंशी-नव्वद रुपये मोजावे लागतात. दोघांचा प्रकाश साधारण सारखाच, ७०० ते ९०० लुमेनच्या घरात. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या ग्राहकाला पिवळा बल्ब स्वस्त वाटतो, कारण बल्बची किंमत तिथेच दिसते आणि विजेची किंमत महिन्याने, पंखा-टीव्ही-फ्रिजच्या खर्चात मिसळून येते. या आंधळेपणालाच ‘ग्राहकाचे निवडीचे स्वातंत्र्य’ असे भारदस्त नाव दिले जाते. ते नाव फसवे आहे.

हिशेब शाळकरी आहे. दिवा रोज ५ तास जळतो असे धरावे. ६० वॉटचा बल्ब वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो, ९ वॉटचा एलईडी सुमारे १६. फरक ९३ युनिटांचा. युनिटला ६ रुपये दर धरला तर एका दिव्यामागे वर्षाला साडेपाचशे रुपयांहून अधिक रक्कम जाते. ९० रुपयांचा एलईडी दोन महिन्यांत आपली किंमत फेडतो. दर ३ रुपये असला तरी चार महिन्यांत. शिवाय पिवळ्या बल्बचे आयुष्य साधारण १,००० तासांचे, म्हणजे तो वर्षातून दोनदा बदलावा लागतो. ज्याच्या हाती एकरकमी नव्वद रुपये नाहीत, तोच पंधरा रुपयांचा बल्ब घेतो आणि तितक्याच उजेडासाठी कितीतरी अधिक पैसे भरत राहतो. हा गरिबीवर बसवलेला छुपा कर आहे.

या उधळपट्टीचे मूळ बल्बच्या रचनेतच आहे. टंगस्टनची तार सुमारे २,७०० केल्विनपर्यंत तापते तेव्हा बल्ब उजळतो. या तापमानाला वस्तूच्या प्रारणाचा सर्वोच्च बिंदू सुमारे १,०७० नॅनोमीटरवर, म्हणजे अवरक्त पट्ट्यात असतो. मानवी डोळा पाहू शकतो ती पट्टी ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरची. त्यामुळे शंभर भाग विजेतून दृश्य प्रकाश जेमतेम पाचेक भाग मिळतो. उरलेली उष्णता होते. याउलट एलईडीत तार तापवावी लागत नाही. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन आणि रिक्तिका एकत्र येताना निळा प्रकाश बाहेर पडतो आणि चिपवरचा फॉस्फरचा थर त्यातील काही भागाचे पिवळ्यात रूपांतर करतो. दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. या निळ्या एलईडीसाठीच इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारताने या शोधाचा लाभ झपाट्याने घेतला, हे मान्य केलेच पाहिजे. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजनेचा प्रारंभ झाला. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. मार्च २०२१ मध्ये बिहारमधील आरा येथून ‘ग्राम उजाला’ सुरू झाली: चालू स्थितीतील पिवळा बल्ब जमा करा आणि १० रुपयांत एलईडी घ्या.

या अटीतच सरकारी धोरणाची विसंगती उघडी पडते. चालू बल्ब परत मागायचा तो पुन्हा वापरात येऊ नये म्हणून. म्हणजे हा बल्ब घराघरांतून गेला पाहिजे, हे शासनाला मान्य आहे. मग त्याच बल्बचे नवे उत्पादन आणि नवी विक्री देशभर मोकळी कशी? एका दाराने जुने बल्ब गोळा करायचे आणि शेजारच्या दुकानातून नवे विकू द्यायचे, याला धोरण म्हणत नाहीत. केरळने २०२० च्या अर्थसंकल्पात अशा बल्बांवरील विक्रीबंदी जाहीर केली. युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात ते टप्प्याटप्प्याने बाजारातून हटवले. राष्ट्रीय पातळीवर भारत मात्र वाटपाच्या आकड्यांवर समाधान मानून थांबला.

बाजार आपोआप वळेल, असे सांगितले जाते. परंतु ज्या राज्यांत ठरावीक युनिटांपर्यंत घरगुती वीज मोफत आहे (दिल्लीत २०१९ पासून २०० युनिट, पंजाबात २०२२ पासून ३०० युनिट), तिथे त्या मर्यादेतील ग्राहकाला वाचवण्यासारखे बिलच नाही. त्याच्या बल्बची उधळपट्टी सरकारी तिजोरी भरते. आणि भार येतो तो नेमका संध्याकाळी, सौरऊर्जा मावळलेली असताना. एकाच वेळी जळणारे १ कोटी पिवळे बल्ब बदलले तर ५१० मेगावॉट मागणी कमी होते. हा प्रश्न एका घराच्या पसंतीपुरता उरत नाही.

पिवळ्या बल्बची बाजू मांडणाऱ्यांचे सगळेच म्हणणे पोकळ नाही. त्याच्या उजेडात रंग खरे दिसतात. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नसल्याने बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. परंतु ‘उबदार उजेड’ हवा असेल तर २,७०० केल्विनचा एलईडी मिळतो. पांढऱ्याफटक दिव्याची सक्ती कोणी केलेली नाही. कोंबडीच्या पिलांना ऊब देण्यासाठी बल्ब वापरतात, तिथे उष्णता हाच हेतू असतो. तेवढी सवलत ठेवता येईल. सीएफएलचा मधला मार्गही आता संपला आहे: त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो आणि ३० वॉटपर्यंतचे असे घरगुती दिवे २०२५ पर्यंत बंद करण्याचे मिनामाता करारातील देशांनी २०२२ मध्ये ठरवले.

खरा धोका वेगळाच आहे. २०१७ मध्ये नील्सनने दिल्ली, मुंबई, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील दुकानांची पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के एलईडी बल्बचे ब्रँड सुरक्षा-मानकांत बसत नसल्याचे आढळले. पाहणीमागे दिवे बनवणाऱ्यांचीच संघटना होती, तेव्हा व्यापारी हितसंबंध लक्षात घ्यावेत. पण रोग खरा आहे. २५,००० तासांचे आश्वासन देणारा दिवा वर्षात बंद पडतो, तेव्हा चिप बहुधा शाबूत असते. जळते ते आतले स्वस्त ड्रायव्हर-सर्किट. बंद काचेच्या गोळ्यात उष्णता कोंडली की त्यातील कपॅसिटर आणखी लवकर सुकतो. निकृष्ट सर्किटमुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. अशा दिव्याने फसलेला माणूस पुन्हा पिवळ्या बल्बकडे वळला, तर त्याला अडाणी ठरवणे हा उद्दामपणा होय.

म्हणून मागण्या जोडीने केल्या पाहिजेत. घरगुती वापराच्या तंतू-बल्बची विक्री थांबवण्याची तारीख केंद्राने जाहीर करावी. त्याच तारखेच्या आत दुकानांतून एलईडीचे नमुने उचलून त्यांची तपासणी व्हावी आणि निकाल ब्रँडच्या नावानिशी प्रसिद्ध व्हावेत. खोक्यावर वॉटपेक्षा मोठ्या अक्षरांत लुमेन आणि दर वॉटमागे मिळणारे लुमेन छापावेत. बदलीची योजना गरीब कुटुंबांसाठी चालू राहावी. तोवर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निदान घरातल्या पुढच्या खरेदीच्या वेळी खोका उलटून लुमेनचा आकडा शोधावा, मानक-चिन्ह पाहावे आणि पक्के बिल मागावे. दिवा हमीच्या मुदतीत गेला, तर तो कचऱ्यात न टाकता बिलासह दुकानदाराच्या पुढ्यात ठेवावा.