थवा बांधापलीकडे जातो तेव्हा

ज्वारीचा दाणा चिकात आला की पहाटेपासून माळ्यावर राखण सुरू होते. हाळ्या, पत्र्याचा डबा, गोफण. बुजगावण्याला तर चिमण्या चार दिवसांत सरावतात आणि त्याच्याच डोक्यावर बसतात. पण हुसकावलेला थवा जातो कुठे? बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या कणसांवर. मग तिकडून गोफणीचा दगड येतो आणि बांधाचे जुने भांडण उकरले जाते.

उपाय शेजाऱ्याशी बोलण्यातच आहे. शिवारात एकट्याचाच पेरा आगाप वा मागास असेल, तर सारी पाखरे त्यावर तुटून पडतात. सर्वांनी एकाच सुमारास पेरले, तर नुकसान विभागले जाते. लाल-चंदेरी फितीही उपयोगी. खुंट्यांना पिळा देऊन ताणल्या की त्या उन्हात चमकतात, वाऱ्यावर गुणगुणतात. मात्र बांधायच्या त्या दाणा भरतानाच. आधीपासून बांधल्या तर पाखरे त्यांनाही जुमानत नाहीत.

विषारी दाणे मात्र नकोतच. पोपट मारणे वा पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि चिमणी पिलांना भरवते त्या मुख्यतः अळ्या नि किडे. चीनने १९५८ मध्ये चिमण्या मारण्याची मोहीम काढली. पिकांवर किडी माजल्या आणि १९६० मध्ये त्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घालावा लागला.