रोमचे हौशी उपासक आणि विद्वानांचे सोवळे

'हौशी' या शब्दाला आमच्या विद्वन्मंडळात हळूहळू शिवीची कळा येऊ लागली आहे. हौशी गवई, हौशी नट हे शब्द निदान कौतुकाने तरी उच्चारले जातात. पण 'हौशी इतिहासकार' असे म्हटले की बोलणाऱ्याच्या ओठाची एक कड आपोआप वर चढते. त्यातून त्या गृहस्थाची हौस प्राचीन रोमविषयी असेल तर विचारावयासच नको. घरची माणसे म्हणतात, "सीझर मरून दोन हजार वर्षे होऊन गेली, त्याचे सुतक तुम्ही कशाला धरता?" विद्यापीठातली माणसे म्हणतात, "लॅटिन येत नाही, ग्रीक येत नाही. याने फार तर वाचावे, बोलू नये." घरच्यांच्या थट्टेत थोडी माया तरी असते. विद्वानांच्या उपहासात ती नसते. तेथे असते ते केवळ सोवळे. या सोवळ्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते. आम्ही स्वतः महाविद्यालयात शिकवून पोट भरणाऱ्यांपैकीच असल्यामुळे आमच्या बोलण्यात कोणास मत्सराचा वास येण्याचे कारण नाही.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडू. हौशी माणसाच्या मनात रोमविषयी अनेक अपसमज असतात, हे खरे आहे. रिंगणात हरलेल्या ग्लॅडिएटरला ठार करावयाचे असेल तर प्रेक्षक अंगठा खाली करीत, असे तो छातीठोकपणे सांगतो. वस्तुतः रोमन लेखकांनी अंगठा 'वळवण्या'चा उल्लेख केला आहे, पण तो कोणत्या दिशेस याचा उलगडा होत नाही. खाली वळलेला अंगठा लोकांच्या मनात ठसला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ सालच्या चित्रामुळे. हात ताठ पुढे करून केलेल्या तथाकथित 'रोमन अभिवादना'चीही तीच कथा; त्याचे मूळ रोमच्या चौकात नसून दाव्हिदच्या १७८४ च्या चित्रात आणि पुढच्या काळातल्या रंगभूमीवर व पडद्यावर शोधावे लागते. आणि साम्राज्य का कोसळले याचे एखादे रामबाण उत्तर तर प्रत्येक हौशाच्या खिशात तयारच असते. कोणी शिशाच्या नळांना दोष देतो, कोणी चैनीला, कोणी परकीयांना.

हे सर्व मान्य. परंतु १९८४ साली आलेक्झांडर डेमांट या जर्मन प्राध्यापकांनी रोमच्या पतनाची आजवर सांगितली गेलेली कारणे एकत्र केली, तेव्हा ती २१० भरली! ही कारणे त्यांनी चव्हाट्यावरच्या गप्पांतून वेचली नव्हती; शतकानुशतकांच्या ग्रंथांतून वेचली होती. तेव्हा तर्कटाचा मक्ता एकट्या हौशांकडे आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या ग्रंथाने रोमच्या ऱ्हासाचा इतिहास जगाच्या वाचनात आणला, तो ग्रंथ लिहिणारा एडवर्ड गिबन कोण होता? तो कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हता. ऑक्सफर्डला तो अवघे चौदा महिने होता, आणि तो काळ फुकट गेला असेच त्याने पुढे लिहून ठेवले. तो काही वर्षे हॅम्पशरच्या नागरी पलटणीत कप्तान होता. ती कवाईत रोमच्या इतिहासकाराला अगदीच निरुपयोगी ठरली नाही, असे मात्र त्याने आत्मचरित्रात आवर्जून नमूद केले. १७७६ ते १७८८ या काळात त्याचे सहा खंड बाहेर पडले. १७७८ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पदवीधराने त्याच्यावर चुकीचे संदर्भ दिल्याचा आणि वाङ्मयचौर्याचा आरोप केला, तेव्हा गिबन रागावून गप्प बसला नाही. पुढच्याच वर्षी त्याने एकेक संदर्भ उलगडून स्वतंत्र पुस्तकाने उत्तर दिले. हौशी माणूस कसा असावा याचा हा वस्तुपाठ होय. त्याने पदवी दाखवली नाही, पुरावा दाखवला.

गिबनचा काळ गेला, असे यावर म्हणण्यात येईल; आता शास्त्र वाढले, विशेषज्ञांचे युग आले. बरे तर, अलीकडचे घेऊ. इसवी सन ९ मध्ये सेनापती व्हारसच्या तीन पलटणी जर्मनीच्या अरण्यात कापल्या गेल्या. ही लढाई कोठे झाली याविषयी शेकडो वर्षे वाद चालला. जर्मन राष्ट्राने तर १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ विजयी वीराचा प्रचंड पुतळाही उभा केला. १८८५ मध्ये थोर पंडित मोमझेन यांनी नाण्यांच्या आधारे काल्क्रीझ येथील परिसर सुचवला. पण तेवढ्याने वाद मिटला नाही. शंभर वर्षांनंतर, १९८७ साली, टोनी क्लन नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी धातुशोधक यंत्र घेऊन त्याच शेतांत हिंडू लागला आणि त्यास ऑगस्टसच्या काळातली चांदीची नाणी सापडली. पुढच्या वर्षी गोफणीच्या तीन शिशाच्या गोळ्या मिळाल्या. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात. गोफणीची गोळी मात्र सैन्याचीच. त्याने हे सर्व जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले आणि मग रीतसर उत्खननास प्रारंभ झाला. ही जागा व्हारसचीच की नंतरच्या मोहिमेतली, यावर काही अभ्यासक आजही भांडतात. ते खुशाल भांडोत. भांडावयास जमीन मिळवून दिली ती सुटीच्या दिवशी हिंडणाऱ्या एका सैनिकाने. पुतळा भलत्याच डोंगरावर उभा आहे!

दुसरे उदाहरण याहून मौजेचे आहे. २००१ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात जेनेट स्टीव्हन्स या बाईंनी सम्राज्ञी युलिया डोम्ना हिचा अर्धपुतळा पाहिला. बाई व्यवसायाने केशभूषाकार. पुतळा मागच्या बाजूनेही पाहता येत होता. म्हणून पंडित जेथे क्वचितच वळतात त्या बाजूस त्या वळल्या. एवढे गुंतागुंतीचे केस म्हणजे टोपच असावा, असे अनेकांचे मत होते. बाईंनी घरी प्रयोग करून पाहिले, टाचण्यांनी ती रचना टिकेना. सुईदोऱ्याने वेण्या शिवल्या तेव्हा मात्र टिकली. लॅटिनमधील 'आकुस' या शब्दाचा अर्थ केसाची पिन असाही होतो आणि सुई असाही. भाषांतरकारांनी पिन धरली होती. बाईंच्या हातांनी सुई सिद्ध केली. हा शोधनिबंध २००८ मध्ये रोमन पुरातत्त्वाच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोशात ज्याचे उत्तर मिळाले नव्हते, ते बोटांना ठाऊक होते.

ही अपवादात्मक माणसे आहेत, असा आक्षेप आता येईल. आम्हांस तसे वाटत नाही. रोम ही काही केवळ पंडितांची नगरी नव्हती. तेथे गवंडी होते, शिपाई होते, सुईणी, भटारी, नावाडी आणि हिशेबनीस होते. त्यांच्या कामाचे मर्म त्या त्या कामात हात मळलेल्या माणसालाच चटकन उमगते. रोमन रस्त्याचे वर्णन आम्ही वर्गात करू शकतो. पण पाण्याचा निचरा का होत होता, हे रस्ते बांधणारा ओव्हरसियर आमच्याहून चांगले सांगेल. त्याला तोंड उघडू न देण्यात नुकसान त्याचे नाही, विद्येचे आहे.

आणि वेतन व पद यांनी सत्यनिष्ठा येते म्हणावे, तर खुद्द रोम शहराचा विसाव्या शतकातला अनुभव काय सांगतो? मुसोलिनीने १९३२ मध्ये कोलोसियमपर्यंत सरळ राजमार्ग काढला. त्यासाठी वेलिया टेकडी कापली, जुनी वस्ती पाडली, रहिवाशांना शहराच्या कडेला हाकलले. सीझर व ऑगस्टस यांचा वारसा सांगण्याच्या भरात प्राचीन रोमचे थरच खणून फेकले गेले. १९३७ मध्ये ऑगस्टसच्या दोन हजाराव्या जयंतीनिमित्त भव्य प्रदर्शन भरले. सम्राटाच्या आडून हुकूमशहाची आरती करणाऱ्या त्या प्रदर्शनाचे सूत्रधार कोणी रिकामटेकडे हौशी नव्हते. ते विद्यापीठातले नामांकित अध्यापक होते. त्यांना लॅटिनही येत होते आणि ग्रीकही. त्यांच्यापाशी काय नव्हते, ते वाचकांस वेगळे सांगावयास नको.

तेव्हा सीमारेषा पगारी आणि बिनपगारी यांच्यामध्ये नाही. पुराव्यापुढे मान तुकवणारा आणि पुराव्याला आपल्यापुढे वाकवणारा, असे दोनच वर्ग आहेत. १९९२ साली इंग्लंडात हॉक्स्नी या खेड्यातल्या शेतात एक गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा धातुशोधकाने शोधीत होते. सापडली ती रोमन सोन्याचांदीची ठेव, जवळजवळ पंधरा हजार नाणी. थोडे हाती लागताच त्यांनी खणणे थांबवले आणि वर्दी दिली. म्हणून तर वस्तू पेटीत कशा रचून ठेवल्या होत्या, हे तज्ज्ञांना जागेवरच पाहता आले. तो हातोडाही सापडला आणि आज ब्रिटिश म्यूझियमकडे आहे. आमच्या मते तो त्या सोन्याइतकाच मोलाचा आहे. कारण हाव आवरलेल्या माणसाची ती खूण आहे. ज्या हौशाला असे थांबता येत नाही, जो वस्तू उचलून घरी नेतो आणि सापडल्याचे ठिकाण लपवतो, त्याची बाजू आम्ही घेणार नाही. तो हौशी नव्हे, चोर आहे.

मराठी माणसाने रोमसारख्या दूरच्या देशाची हौस धरावी कशाला, या प्रश्नाचेही उत्तर देऊ. आमच्या मते परका इतिहास ही न्यायबुद्धीची तालीम आहे. आपल्या इतिहासाला हात घातला की मध्ये जात येते, घराणे येते, पंजोबांची अब्रू येते. रोमच्या इतिहासात आमचे कोणी पूर्वज नाहीत, कोणता गड राखावयाचा नाही. तेथे लिव्ही काय म्हणतो, नाणे काय सांगते, दोहोंत विरोध आला तर कोणाचे धरावे, हे आपण शांतपणे शिकू शकतो. मात्र तेथेही एक सापळा आहेच. सीझरची गॉलमधील मोहीम वाचताना आपण नकळत सीझरच्या घोड्यावर जाऊन बसतो. त्या युद्धांत दहा लाख माणसे मारली गेली आणि तितकीच कैद झाली, असा आकडा प्लुटार्क देतो. आकडा फुगवलेला असेल. पण एका साम्राज्याच्या टाचेखाली दीडशे वर्षे काढलेल्या देशातल्या वाचकाने तरी तेथे क्षणभर थांबावे. इ.स.पू. ५२ मध्ये शरण आलेला व्हर्सिंजेटोरिक्स सहा वर्षे कैदेत कुजला, इ.स.पू. ४६ च्या विजययात्रेत त्याला मिरवले आणि मग ठार केले. ज्याला पलटणींचे क्रमांक मुखोद्गत आहेत पण हा माणूस आठवत नाही, त्याची हौस अजून कच्ची आहे.

ही तालीम झालेला माणूस घरी परततो, तेव्हा त्यास आपल्या अंगणातही रोम दिसू लागते. 'पेरिप्लस' हा पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख करतो. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगतो. हे तगर म्हणजे आपल्या मराठवाड्यातले तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. तेही मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत आयुष्य घालवलेले गृहस्थ. आणि त्या तेर गावच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू ज्यांनी ध्यास घेऊन जमवल्या, ते रामलिंगप्पा लामतुरे गावचेच रहिवासी होते. आज तेथील शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरलाही मिळाली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली सागरदेवाची काशाची रोमन मूर्तीही सर्वश्रुत आहे. आमच्या कोणत्या शेताच्या बांधाखाली आणखी काय आहे, कोण सांगेल? ते प्रथम दिसणार नांगर धरणाऱ्याला, विहीर खणणाऱ्याला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. पण नुसत्या कायद्याच्या धाकाने कोणी कळवीत नाही. कळवतो तो, ज्याला त्या वस्तूचे अगत्य असते. हे अगत्य म्हणजेच हौस. तिची हेटाळणी करून आम्ही विद्वान मंडळी आपल्याच शास्त्राची मुळे तोडीत आहोत.

शेवटी एकच गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंच्या कानी घालून हा लेख पुरा करतो. ज्या 'पेरिप्लस'चा आधार घेतल्यावाचून भारत आणि रोम यांच्या व्यापारावर एक प्रकरणही लिहिता येत नाही, तो ग्रंथ कोणा पंडिताने लिहिलेला नाही. इजिप्तमध्ये राहणाऱ्या, नाव न ठेवून गेलेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने साध्या बाजारी ग्रीकमध्ये बंदरे, वारे आणि मालाच्या याद्या टिपून ठेवल्या. त्या काळच्या एखाद्या आचार्याने 'तुला व्याकरण येत नाही, तू लिहू नकोस' म्हणून त्याचा हात धरला असता, तर तगर हे नाव आज आम्हांस कोणी सांगितले असते?