गृहकर्ज देताना तोंडी दिलेला शब्द बँकेने मोडला तर? कर्जदारासमोर कोणते कायदेशीर मार्ग आहेत?

रिझर्व्ह बँकेने 2025 या एका वर्षात रेपो दर 6.5 टक्क्यांवरून 5.25 टक्क्यांवर आणला. अशी बातमी आली की गृहकर्ज असलेला माणूस आधी आपला हप्ता तपासतो. हप्ता आणि मुदत दोन्ही जागचे हलले नसतील, तर त्याला कर्ज घेतानाचे एक वाक्य आठवते: ‘रेपो कमी झाला की तुमचा व्याजदर आपोआप उतरेल, काळजी करू नका.’ शाखेत जाऊन विचारले की उत्तर मिळते, ‘करारात काय लिहिले आहे ते पाहा.’

तोंडी आश्वासन आणि छापील करार यांच्यातल्या या दरीत अनेक कर्जदार अडकतात. बोललेल्या शब्दाला कायद्यात किंमत आहे का? असेल तर दाद कुठे मागायची?

कोणती आश्वासने मोडली जातात?

व्याजदर ठरल्यापेक्षा जास्त लागणे, माफ करतो म्हटलेले प्रक्रिया शुल्क कापले जाणे, न मागितलेल्या विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिसळणे, हे नेहमीचे प्रकार. सर्वांत महागात पडते ते ‘कर्ज मंजूर झाल्यातच जमा आहे, टोकन देऊन टाका’ हे वाक्य. त्या भरवशावर बिल्डरला पैसे दिले जातात आणि नंतर कर्ज कमी मंजूर होते किंवा नाकारले जाते.

रेपोबाबतच्या आश्वासनात आणखी एक मेख आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी बदलत्या व्याजदराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा त्या दराप्रमाणे व्याजदर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर मात्र हे बंधन नाही. त्या स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर कर्ज देऊ शकतात. म्हणजे तेच वाक्य बँकेच्या कर्जाबाबत बहुतांशी खरे आणि गृहवित्त कंपनीच्या कर्जाबाबत दिशाभूल करणारे ठरू शकते.

तोंडी शब्दाला कायद्यात किंमत आहे का?

आहे, पण मर्यादित. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार करार लेखीच असला पाहिजे असे सरसकट बंधन नाही. अडचण पुढे येते. व्यवहार एकदा कागदावर उतरला की भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम 94 आणि 95 लागू होतात. करारातील अटी त्या कागदावरूनच सिद्ध कराव्या लागतात आणि त्यांच्या विरोधात जाणारे तोंडी बोलणे साधारणपणे ग्राह्य धरले जात नाही. करारात 9 टक्के लिहिले असेल तर ‘साहेब साडेआठ म्हणाले होते’ एवढ्यावर साडेआठ टक्के मिळत नाहीत.

याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. एखाद्या मुद्द्यावर करार गप्प असेल आणि तोंडी ठरलेली गोष्ट कराराशी विसंगत नसेल, तर ती सिद्ध करता येते. दुसरे म्हणजे फसवणूक. खोटे सांगून सही घेतली असेल तर तसा तोंडी पुरावा देण्याची मुभा आहे.

त्यामुळे कर्जदाराची मागणी काय आहे, यावर बरेच काही ठरते. ‘दिलेला शब्द पाळा’ ही मागणी करारापुढे बहुधा टिकत नाही. ‘चुकीची माहिती देऊन माझी सही घेतली’ ही मागणी टिकण्याची शक्यता जास्त असते.

मग करार रद्द करून घेता येईल?

करार कायद्याच्या कलम 19 नुसार फसवणुकीने झालेला करार रद्द करून घेण्याचा हक्क आहे. पण फसवणुकीचा हेतू नसून केवळ चुकीचे निवेदन झाले असेल आणि साधी काळजी घेतली असती तर सत्य कळले असते, तर हा हक्क मिळत नाही. न वाचता केलेली सही इथे आड येते. शिवाय करार रद्द झाला तर मिळालेले कर्जही परत करावे लागते. घर घेऊन बसलेल्या कुटुंबाला ते क्वचितच जमते. म्हणून जास्तीचे शुल्क परत मिळणे, व्याजात दुरुस्ती होणे किंवा नुकसानभरपाई, हीच बहुतेक प्रकरणांत व्यवहार्य मागणी ठरते.

एजंट बोलला होता, बँक नाही. मग?

‘तो आमचा कर्मचारी नाही’ हे नेहमीचे उत्तर अंतिम नाही. करार कायद्याच्या कलम 238 नुसार एजंटने मालकाच्या कामकाजात केलेले चुकीचे निवेदन किंवा फसवणूक मालकानेच केल्यासारखी धरली जाते. मात्र एजंटने त्याच्या अधिकाराबाहेरच्या गोष्टीत काही सांगितले असेल, तर ते मालकावर बंधनकारक नसते. बाहेरून नेमलेल्या विक्री प्रतिनिधींच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीही बँकांवरच टाकली आहे.

‘की फॅक्ट स्टेटमेंट’ने काय बदलले?

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत हे मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे. व्याज आणि सर्व शुल्के धरून कर्जाचा वार्षिक खर्च किती टक्के पडतो, हे त्यात सांगावे लागते आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. म्हणजे मराठीतून मागण्यात काही गैर नाही. पत्रक दिल्यानंतर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. त्या काळात कर्जदाराने होकार दिला तर त्यातल्या अटी कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक होतात.

सर्वांत कामाची तरतूद शुल्कांची आहे. पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या संपूर्ण मुदतीत कधीही लावता येत नाही. अशा वेळी ‘एजंट काय बोलला’ हे सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. पत्रक आणि खातेउतारा शेजारी ठेवले की पुरे.

तक्रार कुठे करायची?

पहिली तक्रार बँकेकडेच, आणि लेखी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र कर्ज द्यायचे की नाही, असा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलत नाही. तेच प्रकरण न्यायालयात सुरू असेल तरी तक्रार घेतली जात नाही.

कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर दार वेगळे आहे. त्यासाठी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचे ‘ग्रिड्स’ पोर्टल आहे. चुकीच्या ठिकाणी तक्रार गेली की महिने वाया जातात, म्हणून मंजुरीपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव आधी पाहावे.

तिसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या करताना खोटे विधान ‘तोंडी किंवा लेखी’ असे दोन्ही प्रकारचे धरले आहे. सेवेबाबत तोंडी दिशाभूल केल्याची तक्रार म्हणूनच इथे बसते. ती दोन वर्षांच्या आत, स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातही करता येते. मात्र आयोगासमोरची प्रक्रिया थोडक्यात चालते. गुंतागुंतीच्या फसवणुकीचा वाद असेल तर आयोग दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवू शकतो.

पोलिसांकडे फसवणुकीचा गुन्हा नोंदवायचा तर सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. नुसता शब्द मोडणे पुरत नाही.

पुरावा काय लागतो?

व्हॉट्सअ‍ॅप संदेश, ई-मेल, फोनवरील संभाषणाची नोंद, एजंटने पाठवलेला हप्त्यांचा तक्ता, हे सगळे उपयोगी पडते. डिजिटल पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ संदेश पुसू नयेत आणि जुना फोन विकू नये.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल’चे काय झाले?

आश्वासन आणि कर्जकरार यांत फरक पडला की काय होते, याचे मोठे उदाहरण दिल्ली परिसरातील सबव्हेन्शन योजनांचे आहे. ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल, असे ग्राहकांना सांगितले गेले. कर्ज मात्र ग्राहकांच्या नावावर होते. बिल्डरांनी हप्ते थांबवले तेव्हा बँका ग्राहकांच्या मागे लागल्या. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ग्राहकांना सक्तीच्या वसुलीपासून अंतरिम संरक्षण दिले. एप्रिल 2025 मध्ये बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची प्राथमिक चौकशी करण्याचा आदेश सीबीआयला दिला आणि जुलै 2025 मध्ये 22 गुन्हे नोंदवण्यास मुभा दिली. न्यायालय मदतीला आले, पण तोवर अनेकांची वर्षे गेली होती.

वाद सुरू असताना हप्ता थांबवावा का?

नाही. रागाच्या भरात होणारी ही सर्वांत महाग चूक आहे. 90 दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत वर्गात जाते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन बँक घराच्या जप्तीकडे वळू शकते. अशी नोटीस आलीच तर तिला लेखी हरकत घ्यावी. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाल्यास 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण तिथवर जाण्यापेक्षा आक्षेप लेखी नोंदवून हप्ता भरत राहणे आणि जादा गेलेली रक्कम परत मागणे केव्हाही बरे.

एवढी सगळी दारे सहीनंतरची आहेत आणि प्रत्येकाला वेळ लागतो. सहीपूर्वीचा उपाय दोन ओळींच्या ई-मेलचा आहे: ‘आज आपण सांगितले की व्याजदर अमुक, प्रक्रिया शुल्क माफ आणि विमा ऐच्छिक. कृपया हे मुख्य माहितीपत्रकात नमूद करावे.’ शब्द खरा असेल तर तो कागदावर यायला अडचण नसते. समोरून ‘त्याची काही गरज नाही’ असे उत्तर आले, तर टोकन देण्यापूर्वी थांबावे.