खाडीकाठची झाडे व त्यांची शास्त्रीय नावे

रोपवाटिकेच्या पाटीवरील लॅटिन नाव म्हणजे पंडितांचा अलंकार, अशी समजूत आजही अनेक ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांत आढळते. शेतकरी बंधूंना तर ते नाव उच्चारण्याचाच संकोच वाटतो. ही समजूत नुकसानकारक आहे.

ठाण्याच्या पूर्वेस कोपरीच्या खाडीकाठी उभी असलेली झाडे पाहावीत. मराठीत या साऱ्या वनाला कांदळवन म्हणतात आणि त्यातील एका विशिष्ट झाडालाही कांदळच म्हणतात. ठाणे खाडीत भर आहे तो तिवराचा. तेव्हा कोणी नुसती 'कांदळाची रोपे' मागितली, तर नेमके काय हाती येईल? शास्त्रीय नावात हा घोटाळा राहत नाही. कांदळ म्हणजे र्‍हायझोफोरा, अर्थात मुळे वाहणारा. त्याची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी चिखलात उतरतात. त्याची लांब शेंगेसारखी रोपे सरळ चिखलात रोवता येतात. तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया मरीना. पहिला शब्द इ. स. ९८० मध्ये जन्मलेला थोर वैद्य इब्न सीना याच्या स्मरणार्थ आहे, तर दुसऱ्याचा अर्थ समुद्राचा. तिवराची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांप्रमाणे वर येतात व त्याचे फळ लहान, चपटे असते. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिपीचे नाव सोनरॅशिया अल्बा. 'अल्बा' म्हणजे पांढरी! गावकऱ्यांनी व शास्त्रज्ञांनी येथे एकच खूण धरली.

उच्चाराची धास्ती मात्र व्यर्थ होय. ॲव्हिसेनियातील 'स' प्राचीन रोमन पद्धतीने 'क' होईल, इटालियन पद्धतीने 'च' होईल. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम लेखनाबद्दल कडक आहेत. उच्चार त्यांनी कोणावर लादलेला नाही. तेव्हा बैठकीत एखाद्याने नाव निराळे उच्चारले म्हणून हसणाऱ्यानेच खरे पाहता लाजावे. अक्षरे मात्र चुकता कामा नयेत.

अर्थाचा सर्वांत मोठा उपयोग गेव्याच्या बाबतीत दिसतो. त्याचे नाव एक्सिकेरिया अगॅलोचा. पहिला शब्द 'आंधळे करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस इजा होते. म्हणून चीक उडाल्यास डोळे चोळू नयेत, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत व विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दुसरा शब्द आपल्या अगरूशी नाते सांगतो, पण गेवा हा खरा अगरू नव्हे. नावेही कधी फसवतात, ती अशी.

कार्यकर्त्यांनी आपल्या नोंदवहीत प्रथम त्या गावात रूढ असलेले नाव, मग शास्त्रीय नाव व त्यापुढे त्याचा अर्थ लिहावा. आणि रोपांची मागणी नोंदविताना पहिली दोन्ही नावे द्यावीत.