आपल्या मोर्चांच्या डिस्क मरत आहेत, प्रती कोण काढणार?

दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला नेमाने जाणाऱ्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात व्हीसीडी-डीव्हीडीची एक चळत हमखास सापडते. भीमगीतांचे अल्बम, कव्वालीचे सामने, डॉ. जब्बार पटेलांचा बाबासाहेबांवरचा चित्रपट. कंपनीने छापलेल्या या डिस्कची आम्हाला फार चिंता नाही. त्या हजारोंनी निघाल्या, कुठे ना कुठे मिळतील. चिंता आहे ती ज्यांच्यावर मार्करने नुसते ‘१४ एप्रिल मिरवणूक’ किंवा ‘खैरलांजी निषेध मोर्चा, २००६’ एवढेच लिहिलेले आहे त्यांची. वस्तीत लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एखाद्या पोराने ते चित्रण केले, चार-पाच डिस्क राइट करून वाटल्या, आणि मूळ कॅसेटवर पुढच्या हंगामात दुसरे लग्न चित्रित झाले. म्हणजे कप्प्यातली ती डिस्क हीच आता मूळ प्रत.

आणि ती मरते आहे. छापलेल्या डिस्कमध्ये माहिती खड्ड्यांच्या रूपात कोरलेली असते. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये ती एका रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटवलेली असते. ऊन, उकाडा आणि दमट हवा हे त्या थराचे शत्रू. पत्र्याच्या घरात हे तिन्ही बारा महिने हजर असतात.

कार्यकर्त्यांना हे सांगितले की उत्तर ठरलेले, ‘यूट्यूबवर आहे ना सगळं!’ आम्हाला हा निष्काळजीपणा वाटतो. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ पुन्हा दाबून लहान केलेला असतो, तो मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही. कॉपीराइटच्या तीन तक्रारी झाल्या, चॅनेल चालवणारा पासवर्ड विसरला किंवा कंपनीने धोरण बदलले, की चॅनेलसकट सगळे गेले. ज्या समाजाला पाणवठ्याचा हक्क मागायला महाडला जावे लागले, त्याने आपली आठवण दुसऱ्याच्या विहिरीत ठेवून निश्चिंत राहावे, हे पटत नाही.

दुसरे उत्तर, ‘हे काम सरकारचे, विद्यापीठाचे.’ असेलही. पण बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला शासकीय खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली निघाला, महापरिनिर्वाणानंतर तब्बल २३ वर्षांनी. साक्षात बाबासाहेबांच्या लेखनाला एवढी वाट पाहावी लागली, तर रमाबाई नगरच्या शोकसभेच्या चित्रणाला कोण विचारतो? ११ जुलै १९९७ च्या त्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्यानंतर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन १४ वर्षे चित्रण करत राहिले म्हणून ‘जय भीम कॉम्रेड’ उभा राहिला. पण प्रत्येक गावाला पटवर्धन मिळत नाहीत. जिथे ते नव्हते, तिथे तो लग्नाच्या शूटिंगवाला पोरगाच होता.

तेव्हा हे काम घरीच करावे लागेल, आणि ते धड करावे लागेल. बहुतेक जण डिस्क घालतात, आतली फाइल ओढून डेस्कटॉपवर टाकतात, ‘एरर’ आला की ‘डिस्क खराब आहे’ म्हणून फेकून देतात. अशी फेकलेली डिस्क पुष्कळदा वाचली असती.

व्हीसीडीचे एक लक्षात ठेवा. साध्या डेटा सीडीत चूक दुरुस्त करण्यासाठी एक जादा थर असतो. व्हीसीडीत जास्त मिनिटे मावावीत म्हणून चित्रणाच्या भागात तो सोडून दिलेला असतो. त्यामुळे थोड्या ओरखड्यानेही चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते. तिची आयएसओ फाइल नीट बनत नाही; बिन आणि क्यू या जोडीच्या स्वरूपात संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढावी. डीव्हीडीची मात्र सरळ आयएसओ काढावी. आणखी एक, सीडीचा ओरखडा खालून पडला तर पुसून, घासून काही करता येते. वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूने पडला तर संपले, कारण माहितीचा थर त्या पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. म्हणून बॉलपेनने नाव लिहायचे नाही. पुसताना मधून बाहेर सरळ पुसायचे, गोल गोल नाही.

अडकणाऱ्या डीव्हीडीसाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचे फुकट साधन आहे. ते आधी सोपा भाग उचलते, अवघड जागा नोंदवून ठेवते आणि नंतर पुन्हा पुन्हा तिथे जाते. त्याची खरी गंमत पुढे आहे. एकाच वेळी राइट केलेल्या, तंतोतंत सारख्या दोन डिस्क दोन घरांत असतील आणि दोन्ही खराब असतील, तर पहिलीत न वाचलेला भाग तेच साधन दुसरीतून भरून काढते. दोन घरांचे ओरखडे सहसा एकाच जागी नसतात. म्हणून ‘आमच्याकडची खराब झाली’ असे कोणी म्हणाले तरी ती मागून घ्या.

प्रत निघाली की तिचा एसएचए-२५६ आकडा काढून वहीत नोंदवा. वर्षाने पुन्हा काढा. एक अक्षर जरी बदलले तर ती प्रत बिघडली असे समजा आणि दुसरीवरून नवी करा. दुसरी प्रत हवीच, आणि तिसरी दुसऱ्या गावात हवी. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे घरेच्या घरे पाण्याखाली गेली, तिथे कपाट शेजारी असून काय उपयोग? खर्चाची सबब चालणार नाही. १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये भरलेल्या २०० डीव्हीडी मावतात. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे आठवून पाहा. व्हॉट्सॲपवर फिरवण्यासाठी छोटी फाइल खुशाल बनवा, पण तिला जतन म्हणू नका.

हक्काचा प्रश्न टाळून चालणार नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा खासगी वापराला मोकळीक देतो. सार्वजनिक प्रसाराला ती लागू होत नाही. आपले शाहीर, गायक आयुष्यभर गायले आणि पैसा कॅसेट कंपन्यांनी नेला. आता आपणही न विचारता त्यांचे जलसे चॅनेलवर चढवून जाहिरातीचे पैसे घेणार असू, तर त्या कंपन्यांत आणि आपल्यात फरक काय? जतनासाठी प्रत काढा. लोकांसमोर मांडायची असेल तर कलावंताला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारा. मोर्चाच्या चित्रणात बायाबापड्यांचे, साक्षीदारांचे चेहरे असतात, त्यांचाही विचार करा.

बुद्धविहाराच्या रविवारच्या वंदनेनंतर एक जुना ड्राइव्ह असलेला संगणक मांडून बसायला दोन पोरे पुरतात. नव्या लॅपटॉपना हा ड्राइव्ह येतच नाही, त्यामुळे भंगारात जाणारे जुने डेस्कटॉप आत्ताच अडवा. कोणाची डिस्क घेतली तर पावती द्या, तारीख, गाव, कोण बोलते आहे, कोण गाते आहे हे मालकाकडून विचारून लिहून घ्या. ते सांगणारी पिढी सत्तरीत आहे. आणि डिस्क परत करताना सोबत पेनड्राइव्हवर प्रत द्या, म्हणजे पुढच्या रविवारी तीच आजी शेजारणीची डिस्क घेऊन येईल.