चिप आपली, मग कासरा कुणाच्या हाती?

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहणाऱ्या थोरल्या भावाने आपला जुना लॅपटॉप गावी धाकटीला शिकायला पाठवावा, यात आता नवल राहिलेले नाही. विंडोज त्यावर रडतखडत चालते, म्हणून कुणी जाणकार फुकटचे लिनक्स बसवून देतो. यंत्र पळू लागते, पण वाय-फाय काही केल्या लागत नाही! गावात केबल कुठली? मोबाईलचा हॉटस्पॉट हाच काय तो आधार.

अडते कुठे ते पाहा. ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या वायरलेस चिपला दरवेळी एक छोटा प्रोग्राम भरवावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. स्वयंसेवकांनी चिपचा अभ्यास करून बी-४३ हा लिनक्स ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर मात्र कंपनीचे, आणि ते वाटायची परवानगी नाही. म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरमधूनच ते कापून काढणारे ‘एफडब्ल्यूकटर’ हे अवजार निघाले.

मग ही चोरी झाली का? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ नुसार, प्रोग्राम रीतसर हाती असलेल्याने तो ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी प्रत काढली, तर तो भंग नव्हे. एक प्रोग्राम दुसऱ्याशी जुळावा म्हणून लागणारी, इतरत्र सहज न मिळणारी माहिती काढायलाही १९९९ च्या दुरुस्तीने मुभा दिली. २०१२ साली डिजिटल कुलपे तोडण्याविरुद्ध कलम आले खरे, पण तेही हक्कभंगाचा हेतू बघते. तेव्हा आपल्या चिपसाठी, आपल्याच लॅपटॉपवर फर्मवेअर काढणाऱ्याला मी तरी चोर म्हणणार नाही. कंपनीच्या परवान्यातली बारीक अक्षरे तेवढी वाचून घ्यावीत. मात्र तीच फाईल पेनड्राइव्हवर घालून तालुकाभर वाटाल, तर हा आधार सुटला म्हणून समजा.

बरे, ते फर्मवेअर चिपशिवाय कवडीच्या उपयोगाचे नाही, आणि चिपचे पैसे तर आपण मोजलेलेच असतात. इंटेलने आपले वाय-फाय फर्मवेअर वाटायला मोकळीक दिली आहे. खुद्द ब्रॉडकॉमने २०१० मध्ये नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. गरिबाघरी पोचतात त्या जुन्या चिपाच नेमक्या मागे राहिल्या.

ठाणे आणि पालघर जिल्हा परिषदांनी शाळांसाठी संगणक घेताना निविदेत एक ओळ घालावी: वायरलेस कार्डाचे फर्मवेअर कुणालाही वाटता आले पाहिजे. आपल्या गटाच्या सदस्याला गाठून एवढे विचाराच.